टाकीपाशी उतरायचं

ब्याण्णव साली लग्न होऊन मी परभणीकडच्या खेड्यातून मीरा रोडला आले आणि स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. काम जमलं. जमत नव्हती ती शेअर रिक्षा. बसणं सोपं, उतरायचं कसं? ‘रोको’ म्हणायचं की ‘रोकना’? कारखान्याजवळची पाण्याची टाकी दिसल्यावर बोलायचं की दिसायच्या आधी? आणि अनोळखी माणसांत ओरडायचं, तेही हिंदीत! “त्यात काय एवढं? तोंड उघडायचं,” असं माझा नवरा उदय म्हणायचा. ज्याला जमतं त्याला काय कळणार, कपाळ!

दोनदा मी शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून चालत मागे आले. आमच्या सुपरवायझर मनोरमाबाईंनी बजावलं, “आता पुन्हा उशीर झाला तर घरीच बसायचं. कायमचं.”

मग मी युक्ती काढली. एक छत्रीवाले काका रोज टाकीपाशी उतरायचे. ते ज्या रिक्षात, त्याच रिक्षात मी. ते “बस, साइड में” म्हणायचे आणि मी गुपचूप उतरायचे. सुगंधामावशीही आमच्याबरोबर असायच्या. रत्नागिरीकडच्या, टाकीमागच्या दवाखान्यात झाडलोट करायच्या. ओळख हसण्यापुरतीच.

एका सोमवारी काका आलेच नाहीत. वाट बघून जीव कासावीस झाला. तेवढ्यात मावशी एका रिक्षात बसताना दिसल्या. हुश्श झालं. त्या आहेत म्हटल्यावर काळजी कसली? मी शेजारी टेकले. त्याही माझ्याकडे बघून गोड हसल्या.

टाकी आली. मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. टाकी गेली.

शेवटच्या थांब्यावर उतरलो आणि माझं डोकंच फिरलं. “मावशी, बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तू बोलशील. शिकलेली दिसतेस.”

“अहो, मला वाटलं तुम्ही इथल्या जुन्या!”

“जुनी हाय गो, पण मी कधीच नाय बोलले. काकाच बोलायचे.” त्या रडवेल्या झाल्या.

आता रागवायचं कुणावर, तेच कळेना. त्याच रिक्षात बसून परत निघालो. “तू बोल.” “नाही, तुम्ही.” टाकी दिसली आणि दोघी एकदम किंचाळलो. ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला. “बहरा नहीं हूँ मैं! आते टाइम क्या हुआ था?”

याचं उत्तर मला मराठीतही येत नव्हतं.

मी धावत कारखान्यावर पोचले. फाटक बंद. आत मशिनांची खडखड. इथे ना काका, ना मावशी. आणि कारखान्यात माझा मोठा आवाज अजून कुणी ऐकलाच नव्हता. बाई म्हणू की मॅडम? हाक मारू की फाटक वाजवू? नोकरी गेली असं वाटून रडू यायला लागलं, आणि रडतारडताच मी बोंबलले, “मनोरमाबाईऽऽ!”

फाटक उघडून बाई बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

“कोण गं ओरडलं?”

मीही मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

“मीच,” असं म्हणत मी आत शिरले. बाईंनी अडवलं नाही.