झरोके बुजवलेलं घर

"दार लाव आधी! बाहेरच्या मेंढ्यांसाठी पेटवलीय का ही शेकोटी?"

एनिड ट्रँटरचं हे वाक्य हिवाळाभर त्या घरात ऐकू यायचं. पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या ओबेरॉनच्या डोंगरावर जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि तो काही दयाळू नसतो. पावसात बर्फ मिसळून पडतो आणि वारा फट दिसेल तिथून आत शिरतो. त्या वाऱ्याशी एनिडचं जन्माचं वैर. तिच्या हातचे 'दाराचे साप' गावभर प्रसिद्ध होते. वाळू भरलेली लांब कापडी पिशवी, तिला बटणांचे डोळे आणि लाल जीभ. दाराखाली आडवी टाकली की वाऱ्याची आत यायची बिशाद नाही! चर्चच्या जत्रेत हे साप दुपारच्या चहाआधीच संपायचे. तिच्या स्वतःच्या घरात तर एकही दार सापावाचून नव्हतं.

बैठकीच्या खोलीत पूर्वी लाकडांची शेकोटी होती. तिच्यापुढे बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. सगळी ऊब धुरांड्यातून वर निघून जायची, म्हणून एनिडच्या आईपासून सगळ्यांनी त्या धुरांड्याला शिव्याच घातल्या. एकदा त्यातून पोसम नावाचा मांजराएवढा रानटी प्राणी गालिच्यावर पडला आणि काजळीचे पाय उमटवत घरभर नाचला. तेव्हा एनिडची मुलगी लिनेट म्हणाली, "पुरे झालं आता आई! बुजवून टाक ते." धुरांडं विटांनी बंद झालं आणि त्या जागी लिनेटनं गॅसची शेकोटी बसवून दिली. धुरांडं नको, नळी नको, राख नको. सगळी ऊब घरातच!

बसवणाऱ्यानं जाताना छताजवळचे दोन झरोके दाखवले होते. "हे बंद करू नका हं," तो म्हणाला होता. एनिडनं मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात पडद्याच्या कापडाच्या दोन सुबक गाद्या शिवून दोन्ही झरोके बुजवले. ऊब घरात ठेवायची आणि भिंतीला भोकंही ठेवायची, याला काय अर्थ आहे? येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी गाद्यांचं कौतुकच केलं. काचांवरून आतल्या बाजूनं पाण्याचे ओघळ वाहू लागले, ते ती रोज सकाळी निगुतीनं पुसायची.

आणि त्याच हिवाळ्यात तिचा नवरा क्लॅरी बिघडला.

संध्याकाळ झाली की त्याचं डोकं दुखायचं. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायची. जागा झाला की विचारायचा, "जेवलो का गं मी?" एनिडचा जीव मेटाकुटीला यायचा. पत्त्यांच्या डावात अख्ख्या गावाला हरवणारा हा माणूस हातातली पानं बघत नुसता बसून राहायचा.

"पंधरा आणि दोन किती होतात, तेवढं तरी सांग!" ती करवादायची.

"थांब गं, मोजतोय."

"मोज. उन्हाळा येईपर्यंत मोज!"

दुपारी मात्र हाच क्लॅरी क्लबात जाऊन चार डाव जिंकून यायचा. मग तर तिचं डोकंच फिरायचं. तिथे सगळं आठवतं आणि बायकोपुढेच तेवढं विसरतं?

लिनेटला यात संशयाचं काही दिसत नव्हतं. बाबांचं वय झालं, स्मरणशक्ती चालली, एवढंच तिचं म्हणणं. "आई, तुझ्यानं हे झेपणार नाही. बाथर्स्टला वृद्धांसाठी चांगली जागा आहे. गुरुवारी त्यांना घेऊन नुसती बघून तर येऊ." एनिड वैतागून हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन, भोपळ्याचं सूप ढवळत रडली. एवढ्या वर्षांचा संसार आणि आता टेबलावर एकच ताट?

मंगळवारी क्लॅरीची थोरली बहीण मॉयरा येऊन थडकली. खेड्यापाड्यांत परिचारिका म्हणून नोकरी केलेली, जिभेला धार आणि डोळ्याला त्याहून जास्त. भावाची वृद्धाश्रमात रवानगी चालल्याचं कळताच तिनं बॅग भरली होती.

"बघू दे तुझं वेड," असं भावाला म्हणून तिनं शेकोटीपुढे पत्ते मांडले.

पहिला डाव बरा गेला. दुसऱ्यात क्लॅरी अडखळला. तिसऱ्यात मॉयरानं स्वतःची पानं मोजली, पुन्हा मोजली आणि कपाळ दाबून म्हणाली, "माझ्याच गुणांचा हिशेब मला लागत नाहीये."

"तुलाही वेड लागलं वाटतं! घराण्यातच आहे म्हणजे," एनिड फिसकारली. खरं तर तिचंही डोकं ठणकत होतं, पण ते या दोघांमुळे, अशी तिची खात्री होती.

मॉयरा हसली नाही. तिनं पाझरणाऱ्या काचांकडे पाहिलं, दाराखालच्या सापाकडे पाहिलं, मग मान वर करून त्या दोन सुबक गाद्यांकडे पाहिलं. आणि ताडकन उठली.

"उठा! दोघंही! बाहेर व्हा आधी!"

"बाहेर? या गारठ्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तेच तर नाहीये! कुणाचंच नाहीये! चल, क्लॅरी, ऊठ!" तिनं शेकोटी बंद केली, दारं सताड उघडली, एनिडचा साप लाथेनं उडवला आणि भावाला दंडाला धरून ओसरीत आणलं. तिथूनच तिनं रुग्णवाहिकेला फोन केला.

बर्फाळ पावसाकडे बघत तिघं घोंगड्या पांघरून बसली. "सगळी ऊब घालवलीस!" एनिड कडाडली. " एक वास तरी येतोय का गॅसचा?"

"या विषाला वासच नसतो, बाई. गळणाऱ्या गॅसला वास असतो. हा गॅस अर्धवट जळताना तयार होणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. ज्योत हवा खाते आणि जे ओकते ते बाहेर टाकायला तुमच्या शेकोटीला धुरांडं नाही. मग ते जाणार कुठे?"

एनिडनं उघड्या दारातून आतल्या गाद्यांकडे पाहिलं.

"क्लबात हा जिंकतो आणि घरी हरतो. का, ते विचारलंस कधी? ओरडलीस मात्र रोज."

"मी... मी ऊब टिकवत होते गं."

"ऊब टिकवलीस. पण श्वास कोंडलास!"

रुग्णालयात तिघांचं रक्त तपासलं. तिघांच्याही रक्तात तो वायू सापडला, क्लॅरीच्या सर्वांत जास्त. क्लबातून आला की तोच शेकोटीला चिकटलेला असायचा ना! शेकोटी तपासली तेव्हा तिच्या ज्योतीच्या तोंडाशी धूळ आणि लोकर साचलेली निघाली. नीट जळत नव्हती ती. बसवल्यापासून कुणी साफ केलीच नव्हती. "आता झरोके उघडे ठेवले म्हणून ही लगेच पेटवायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "दुरुस्ती आधी. आणि क्लॅरींच्या डोक्याचा निकाल लावायची घाई करू नका. स्वच्छ हवेत काही आठवडे जाऊ द्या."

गुरुवारी लिनेट गाडी घेऊन आली. घरातल्या गाद्या निघाल्या होत्या, खिडक्या उघड्या होत्या आणि एनिड दोन स्वेटर घालून बसली होती.

"केवढं गारठलंय घर! आई, बाबांना आवरायला सांग, उशीर होतोय."

"बाथर्स्टला कुणी जात नाहीये," एनिड म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं हे म्हातारपण नव्हतं. मी त्याला भिंतीआड कोंडून विष पाजत होते. स्वतःच्या हातानं गाद्या शिवून, काठाला फीत लावून!"

लिनेट शेजारी बसली. सगळं ऐकून घेतल्यावर हळूच म्हणाली, "पण आई, अशीच शेकोटी माझ्याकडेही आहे. आणि... झरोक्यांवरून मी भिंतीचा नवा कागद लावून घेतलाय."

"आणि मुलं कुठे निजतात?"

"तिच्यासमोरच. थंडीचे दिवस म्हणून."

एनिड उठली. तिनं भिंतीचा कागद खरवडायला स्वयंपाकघरातली बोथट सुरी पिशवीत टाकली. क्लॅरीनं आपणहून कोट चढवला. "चला," तो म्हणाला, "गाडी आणलीच आहे तर कामी येऊ दे."

वाचकहो, ऊब कुणाला नको असते? पण जी आग घरातच जळते आणि घरातच श्वास सोडते, तिला बाहेरची वाट ठेवावीच लागते. भिंतीतले झरोके शोभेसाठी नसतात. ते बुजवू नका, शेकोटी दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, ती पेटवून झोपू नका आणि या वायूची सूचना देणारी घंटा घरात लावा. आणि घरातलं माणूस एकाच खोलीत रोज मंदावत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी खिडकी उघडा, त्याला बाहेर घेऊन चला. त्याच्या वयाला दोष द्यायला नंतर वेळ मिळेल. त्याच्या श्वासाला मिळणार नाही!