तळहातावरचे दाणे

चाळीत कुणी बाई गेली की सगळ्यांना शेवंतीबाईंची आठवण व्हायची. एरवी नाही. बारशाला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही. आणि बोलवत नाही हे कुणी तोंडावर सांगायचंही नाही, लालबागची माणसं तेवढी सभ्य आहेत. पण कुणाच्या घरात रडणं सुरू झालं की दोन मिनिटांत शेवंतीबाईंच्या दाराची कडी वाजे. मग त्या पदर खोचून निघत. गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायची, सवाष्ण असेल तर तळहातांना, तळपायांना हळद लावायची, हिरवी साडी नेसवायची. सासूने हे काम त्यांच्या हाती दिलं त्याला एकतीस वर्षं झाली होती.

देताना सासूने एकच ताकीद दिली होती. मयताच्या अंगावर जे दिसेल ते मोरीतच सोडून यायचं, उंबऱ्याबाहेर आणायचं नाही. शेवंतीबाईंनी ती इमानेइतबारे पाळली. कुणाच्या पाठीवर वळ पाहिले, कुणाच्या मांडीवर डागल्याच्या खुणा पाहिल्या आणि गुपचूप घरी आल्या. त्या गप्प बसण्याची त्यांना मनातून लाज वाटायची, पण सांगणार कुणाला?

ते दाणे त्यांनी पहिल्यांदा पाहिले दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईच्या हाताला हळद लावताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. ज्वारीएवढे कडक दाणे, तळहातभर. तळपायांवरही तेच. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा. राबणाऱ्या बाईचे हात, घट्टे पडायचेच, असं म्हणून त्यांनी हळद चोळली. सहा महिन्यांनी दुसरी गेली. तेच दाणे, त्याच रेघा. मग तिसरी. गेल्या महिन्यात बुधाजी परबांची बायको गेली, अवघी अठ्ठेचाळीस वर्षांची. तेव्हा हळदीची वाटी घेण्याआधीच शेवंतीबाईंनी तिची मूठ उघडून पाहिली. दाणे होतेच.

एकतीस वर्षांत त्यांनी शंभरावर बायकांना आंघोळ घातली होती. असले हात चौघींचेच होते. आणि चौघीही गुणाजीनानांची पुडी घेत होत्या.

गुणाजीनाना म्हणजे चाळीचं दैवत. मिल बंद पडल्यावर गावी जाऊन ते एका म्हाताऱ्या वैदूकडून कसलंसं राखाडी भस्म शिकून आले होते. गुडघे, कंबर, मणका, कशावरही एकच पुडी, आणि बरं वाटायचंही. तेही फुकट. कुणी शंभराची नोट पुढे केली तर नाना हात मागे घ्यायचे. अशा माणसाविरुद्ध बोलायचं कसं? बुधाजींच्या मोरीत शेवंतीबाईंच्या तोंडून नुसतं निसटलं होतं, "नानांची पुडी घ्यायची ना गं ही?" तर मयताची नणंद कडाडली, "मढ्याजवळ बसून चहाड्या करतेस? लाज नाही वाटत?" त्या दिवसापासून जिन्यात बायका शेवंतीबाईंना पाहून पदर सावरून बाजूला होऊ लागल्या. त्यांनी कानाला खडा लावला.

आणि मग बुधवारी त्यांच्या सुनेने, सुमेधाने, चहाचा कप पुढे केला. कप घेताना तिचा हात लागला. खरखरीत.

"सुमे, हात बघू."

"काय झालं आई?"

शेवंतीबाईंनी तिचा पंजा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. अंगठ्याच्या खाली सात-आठ दाणे. अजून बारीक, राजगिऱ्याएवढे. नखांवर एकेक रेघ. सुमेधा कंबरेसाठी वर्षभर पुडी घेत होती.

"ती पुडी आजपासून बंद कर. ते दाणे मी बघितलेत. परबवहिनीच्या हातावर होते."

सुमेधाने हात झटकन ओढून घेतला. "आई, सकाळी सकाळी हे काय अभद्र? भांड्याच्या पावडरने होतं ते. आणि नाना स्वतः रोज घेतात, तुळशीला पाणी घातलं की पहिली पुडी त्यांची. ते बघा कसे ठणठणीत आहेत."

नाना खरोखरच घेत होते, अख्ख्या चाळीने पाहिलं होतं. मग आपणच वेड्या तर नाही? मढी बघून बघून डोकं फिरलं असेल, असंही लोक म्हणतच होते. गुरुवारी त्यांनी सुनेच्या कपाटातली पुडी लपवली. शुक्रवारी सुमेधा नवीन घेऊन आली आणि सासूशी बोलेनाशी झाली.

रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात नानांचा सत्कार होता. नानांचा पुतण्या जयवंत मंडळाचा अध्यक्ष, त्याने दणक्यात फ्लेक्स लावला होता. स्टेजवर नाना शाल पांघरून बसले होते, आणि त्यांच्या खुर्चीशेजारी पुड्यांचे दोन मोठे खोके होते. जयवंत माइकवर सांगत होता, "आजपासून नानांची पुडी फक्त आपल्या चाळीची नाय! चिंचपोकळीपासून हिंदमातापर्यंत पाचशे घरांत आपण वाटणार, एकदम फ्री!" टाळ्या पडल्या. शेवंतीबाई मागे, नळाजवळ उभ्या होत्या. टाळ्या वाजवणारे हात त्यांना दिसत होते, दुसरं काहीच दिसत नव्हतं. पाचशे घरं. यातल्या किती जणींना आपणच आंघोळ घालणार, असं त्यांच्या मनात आलं.

नानांना ओवाळायला सुमेधाचं नाव पुकारलं. ती तबक घेऊन पायऱ्या चढली. तबक धरलेला तिचा अंगठा शेवंतीबाईंना दिसला.

आपण कधी चालायला लागलो ते त्यांना कळलंच नाही. खुर्च्यांमधून वाट होत गेली. मंगलकार्यात ही बाई पुढे आली म्हणून लोक आपसूक सरकत होते. जयवंतने स्टेजवरूनच हात जोडले. "काकी, आज नको ना, प्लीज. चांगला दिवस आहे."

"चांगला आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कापत होता की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेला नसेल. त्यांनी स्टेजच्या फळीला घट्ट धरलं. "मी कधी बोलत नाही. मला बोलायचं नसतं. पण परबवहिनी, तिच्याआधीच्या तिघी, चौघींना मी आंघोळ घातली. चौघींच्या तळहातावर दाणे होते. नखांवर पांढऱ्या रेघा. शंभर बायकांत बाकी कुणाच्या नव्हत्या. चौघी पुडी घेत होत्या."

"ए, खाली बसवा तिला!" बुधाजींची बहीण ओरडली. जयवंतने माइक बंद केला. शेवंतीबाईंना माइक कुणी दिलाच नव्हता, त्यामुळे काही फरक पडला नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या आता ओरडून म्हणाल्या, आणि आपल्यात एवढा आवाज आहे याचंच त्यांना भय वाटलं. "पुडी घेता ना? मग आपापले हात बघा. बस्स, हात उघडून बघा!"

मग स्टेजवर सुमेधाने तबक हळूच खाली ठेवलं आणि तळहात वर केला. सगळ्यांना दिसेल असा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने मूठ उघडली, पाहिली आणि घाईघाईने पदराखाली लपवली. तिच्या शेजारणीने तिचा हात ओढून बाहेर काढला. मग तिसरी, मग मागच्या रांगा. अंगणभर माना खाली गेल्या. बुधाजींची बहीण आपला अंगठा पदराने घासत होती, पुन्हा पुन्हा, जणू शाई लागली होती.

नाना उठले. जयवंत त्यांना धरायला धावला, पण त्यांनी त्याला बाजूला सारलं. पायरीशी येऊन ते शेवंतीबाईंसमोर बसले आणि शालीखालून दोन्ही हात काढून त्यांच्यापुढे धरले. तळहातांवर जागाच उरली नव्हती. दाण्याला दाणा लागून भेगा पडल्या होत्या.

"माका वाटला, म्हातारपणाची कातडी," ते म्हणाले. "शेवंती, खरा सांग गो. मीच मारलंय तेंका?"

शेवंतीबाईंनी ते हात आपल्या हातांत घेतले. असले हात त्यांनी आजवर चार वेळा धरले होते आणि चारही वेळा ते थंड होते. हे गरम होते.

"जयवंत, टॅक्स्या बोलव," त्या नानांचे हात न सोडता म्हणाल्या. "सगळ्यांना हॉस्पिटलात न्यायचंय. आणि त्यातला एक पुड्यांचा खोका घे बरोबर, डॉक्टरांना दाखवायला."