गव्हर्नर नदीपलीकडे असताना

मी या राज्याची मोहोर बोलतेय. हळूच बोलते, कारण वरच्या मजल्यावर न्यायमूर्ती हायरम टॅलमन बसतात. त्यांची खुर्ची करकरली तरी मी दचकते.

माझा दांडा लोखंडाचा, तोंड पितळेचं, त्यावर नांगर आणि मक्याची कणसं कोरलेली. तोंडात कागद सरकवून दांडा दाबला की ठसा उठतो. सही गव्हर्नरांची, ठसा माझा. एक नसेल तर दुसऱ्याला किंमत नाही.

टॅलमनसाहेब आधी अकरा वर्षं जिल्ह्याचे न्यायाधीश होते. फाशी सुनावतानाही त्यांचा आवाज हलत नाही, असं लोक कौतुकानं सांगत. त्या कौतुकावरच ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. मला तेलसुद्धा स्वतःच्या हातानं घालायचे.

मग डेल्फी हॅस्क्यू आली. तिचा भाऊ वेस याला फाशी साहेबांनीच सुनावली होती. आता साक्षीदारानं, मी खोटं बोललो, असं लिहून दिलं होतं. फाशी शुक्रवारी दुपारी बाराला.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं.

"पोरी, पटतंय मला," ते म्हणाले. "पण माफी दिली, तर माझाच निकाल चुकला असं मीच लिहून दिल्यासारखं होईल."

वरच्या कोर्टातली एक जागा रिकामी होणार होती. हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

आमचा कायदा असा, की गव्हर्नर राज्याबाहेर गेले की त्यांचे अधिकार उपगव्हर्नरांकडे जातात. शुक्रवारी सकाळी साहेबांनी माफीचा हुकूम सही न करताच टेबलावर मांडून ठेवला आणि नावेनं नदी ओलांडून बहिणीकडे जेवायला गेले. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्याचा.

उपगव्हर्नर प्रुएट येऊन खुर्चीत बसले. कागद वाचून समोर उभ्या डेल्फीकडे बघत हसले.

"म्हाताऱ्यानं सांडायचं आणि मी पुसायचं? चार तासांची खुर्ची आहे ही, बाई. अजून गादीसुद्धा गरम झाली नाही."

टोपी घालून तेही निघून गेले.

अकरा वाजून गेले. कारकून मिस ऑग्डेन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डेल्फीनं दोन्ही हातांनी माझा दांडा दाबला. ठसा अगदी स्वच्छ उठला. सहीची जागा कोरीच. कागद घेऊन ती तुरुंगाकडे धावली.

दुपारी फाशी देणाऱ्या शेरीफनं तो कागद परत आणला, तोवर साहेब आले होते.

"ठसा खरा होता, साहेब. दहा मिनिटं थांबलोसुद्धा मी. सहीशिवाय आणखी किती थांबणार?"

साहेबांनी टोपीही काढली नाही. माझ्याकडे बोट करून एवढंच विचारलं, "हिला हात कोणी लावला?"

मिस ऑग्डेनची नोकरी गेली. साहेबांना वरच्या कोर्टातली जागा मिळाली. मला कुलूपबंद पेटीत घातलं. तेव्हापासून इथल्या अंधारात मी नुसती पावलं आणि बोलणी ऐकते.

आज सकाळी बाहेरच्या बाकावर कोणी बाई येऊन बसलीय. तिचा मुलगा आहे तुरुंगात. आणि आत नवे गव्हर्नर शिपायाला विचारताहेत, नदीपलीकडची नाव किती वाजता सुटते?

साहेब, जाऊ नका. निदान तिला नाही म्हणायला तरी खुर्चीत बसा.