उपास सुटायच्या आधी

आमच्या चिंचोणे गावात इनासला दारुडा म्हणायची सोय नाही. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास तो इतका कडक पाळतो की फादर चारचौघांत त्याचं नाव घेतात. थेंबाला शिवत नाही. "दारुडा असता तर सोडता आली असती का गं?" असं सासूबाई मला दरवर्षी विचारतात. मग ईस्टरच्या दुपारी डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलबरोबर पहिला ग्लास त्याच भरून देतात आणि आठवड्याभरात थोरल्या दिराकडे राहायला निघून जातात. पुढचं निस्तरायला मी आहेच.

यंदा ईस्टरनंतरच्या बुधवारी आमच्या लिझेटचं लग्न. तिनं बापाला तोंडावर सांगितलं, "पापा, त्या दिवशी प्यायलेला दिसलास तर मी रॉकअंकलचा हात धरून चर्चमध्ये जाईन." रॉक म्हणजे माझा भाऊ. दोन दिवसांनी इनास मला म्हणाला, "क्लेमेंतीन, ते दारू सोडणाऱ्यांचं मंडळ असतं ना, तिथं ने मला. पण एकदाच. नाही जमलं तर परत नाव काढू नको."

तसं मंडळ आमच्याही गावात भरतं. पण तिथं गेलो असतो तर संध्याकाळच्या आत व्याह्यांना कळलं असतं. म्हणून मी कुडतरीचं शोधून काढलं. फोनवरच्या बाईनं सांगितलं, शनिवारी संध्याकाळी, शाळेत. स्कूटर मी चालवत होते, इनास मागे बसला होता.

शाळेला कुलूप. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत होती.

"आंटी, इथं मीटिंग कुठं असते?"

"कसली गं?"

"प्रार्थनेची," मी म्हणाले. जिभेवर दुसरं काही येईना.

तिनं कपेलात, वाड्यावरच्या छोट्या चर्चमध्ये, पाठवलं. तिथं कोणा मेलेल्याच्या नावानं रोझरी चालली होती. बायकांनी सरकून जागा दिली. लगेच उठणं बरं दिसेना, म्हणून आम्हीही त्या अनोळखी माणसाच्या आत्म्याला शांती मागितली. बाहेर येऊन मी सोडावाल्याला विचारलं. त्यानं विचारलं, "काम काय?" मी म्हणाले, "चर्चचं." त्यानं चर्चच्या हॉलकडे बोट दाखवलं.

हॉलमध्ये गुड फ्रायडेच्या मिरवणुकीची तयारी चालली होती. ख्रिस्ताच्या मूर्तीची तिरडी खांद्यावर घ्यायला सारख्या उंचीची माणसं लागतात, आणि त्यांना एक माणूस कमी पडत होता.

"अरे, हा बघ! बरोबर बसतोय," एकानं इनासचा दंड धरला. "उजव्या अंगाला ये, पात्रांव. कुठल्या वाड्यावरचा तू?"

इनासनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला तिरडी घेऊन हॉलला पूर्ण फेरी मारावी लागली. शेवटी मी माझं डोकं दुखतंय असं सांगून त्याला सोडवला. ते मात्र खोटं नव्हतं.

तोवर उन्हं उतरली होती. मीटिंग असलीच तर अर्धी उरकली असणार. तिठ्यावर इनास म्हणाला, "थांबव." उतरला आणि सरळ समोरच्या बारमध्ये शिरला.

मी मागे गेले नाही. मला राग आला नाही, रागालाही अंगात जोर लागतो. एवढंच मनात आलं की रॉकचा सूट इस्त्रीला द्यायला हवा, आणि लिझेटला हे मलाच सांगावं लागणार. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून मी त्या दाराकडे बघत बसले.

इनास बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. "पोस्टाच्या मागं जुनी शाळा आहे, निळ्या फाटकाची. आपण नव्या शाळेत गेलो."

"कोणी सांगितलं?"

"बारवाल्यानं. म्हटलं, मी दारुडा आहे, आमची मीटिंग कुठं भरते? त्यानं लगेच सांगितलं." खांदा चोळत तो म्हणाला, "मघापासून तू मला प्रार्थनेला बसवलंस, तिरडी उचलायला लावलीस. एवढं विचारायला काय झालं होतं तुला?"

"काही घेतलंस?" मी विचारलं.

"पाणी. उभ्याउभ्याच. बसलो असतो तर उठलो नसतो." तो मागे चढून बसला. "चालव आता, क्लेमेंतीन. लवकर चालव."

निळ्या फाटकाशी एक माणूस चहाचे कप विसळत होता. आतून कोणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं. तो माणूस हात पुसत पुढं आला. "कोण हवंय, बाय?"

इनास माझ्या मागे उभा होता. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"हा माझा नवरा. दारुडा आहे. ईस्टरनंतर लेकीच्या लग्नापर्यंतसुद्धा टिकायचा नाही, अशी मला भीती वाटते. उशीर झालाय, पण आत घ्या त्याला."

माणसानं फाटक उघडलं. इनास आत गेला. मी स्कूटर स्टँडला लावली आणि रस्त्यावरचे लोक बघत असतानाच मोठमोठ्यानं रडले.