पडद्यापलीकडची वाटी

बाळ चुळबुळायला लागलं की पडद्यापलीकडे नानांच्या येरझारा सुरू होत. ती रडली की पडदा जरासा सरके आणि फटीतून नानांचा हात आत येई. हातात स्टीलची वाटी, वाटीत उकळून गार केलेली सिलिकॉनची पातळ टोपी.

"घे, भार्गवी. देऊन टाक तिला."

नाना, म्हणजे माझे वडील, नीळकंठराव. नोकरीत असताना कधी कुणाच्या खोलीत न विचारता न जाणारा माणूस. लेक पाजायला बसली की अंगणात निघून जावं, ही आमच्या नांदुऱ्याच्या घरातली रीत त्यांनाही ठाऊक होती. पण ते पडद्यापासून हलत नव्हते.

बाळ दिवस भरायच्या आधी झालं. तोंड इवलंसं, जोर कमी. दवाखान्यातल्या सिस्टरनं स्तनाग्रावर ही टोपी बसवून दिली आणि त्यातून ती प्यायला लागली. तेव्हा आम्हाला केवढं हायसं वाटलं होतं. पण खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या खेपेला वजनाचा काटा दोनदा बघितला. "वाढ नावापुरती आहे. टोपीतून हिला पुरेसं ओढता येत नाहीये, आणि बाळानं ओढलं नाही तर दूधही कमी होत जाईल. आता टोपी सोडवा. सुरुवात टोपीनं करा, दूध उतरलं की चटकन काढा आणि तशीच छातीशी घ्या. भुकेनं कासावीस व्हायच्या आधी, अर्धवट झोपेत असताना. जबरदस्ती नको. सोमवारी परत वजन करू. नाहीच वाढलं तर वरचं दूध द्यावं लागेल."

सगळं समजलं होतं. मी त्यावर मिळेल ते वाचूनही काढलं होतं. घरी मात्र ते करताच येत नव्हतं. टोपी काढली की ती डोकं इकडून तिकडे हलवी, ओठांना वेगळंच काही लागे, ती चिडे, रडे. आणि मी दुसऱ्यांदा लावायच्या आत वाटी हजर.

त्याला कारण होतं. मला सातवा लागला होता तेव्हा आई गेली. तेराव्याला कुणीतरी म्हणालं, "प्रतिमाबाई लेकीच्या पोटी येतात बघा." मग मुलगी झाली, आणि पुढं कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. भेटायला येणाऱ्या बायका पाळण्यात वाकून तिच्या पायांना हात लावत. "आलीस का गं परत?" विचारत. आईला जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारणारे नाना आता दिवसभर तिचं नाव घेत होते. प्रतिमा उठली का. प्रतिमाला ऊन लागतंय, खिडकी लाव. आणि सगळ्यांत जास्त वेळा, प्रतिमाला रडवू नका, फार सोसलंय तिनं.

बाळंतपणाला आईच्या जागी धामणगाव बढ्याहून सरस्वती आत्या आली होती, नानांची थोरली बहीण. त्या दुपारी ती दारात बसून डाळ निवडत होती. लाइट गेली होती. माझी पाठ घामानं भिजलेली, मांडीवर बाळ, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. सारखी उशी बदलत होते.

"काऊन एवढी वळवळून राह्यली वं?" आत्या म्हणाली. "तू हालशीन त ते काय पीन?"

"टोपी काढून बघतेय, आत्या."

"काढ ना मंग. आमच्या टायमाले टोप्या डोक्शावर घालत माय, दुसरीकडं नाही."

मला हसू आलं आणि त्या हसण्यात हात सैल पडले. ती टोपीतून सावकाश पीत होती, डोळे मिटत आलेले. दूध उतरल्याचं जाणवलं. मी बोट घालून टोपी काढली. ती क्षणभर थांबली, चाचपडली, आणि तोंड वासून ओरडली.

पडदा सरकला. "घे."

"नको, नाना."

"अगं, रडतेय ती."

"रडू दे थोडं. माझ्याच अंगावर आहे."

"तिचे ओठ कोरडे पडले असतील." नानांचा आवाज चिरकला. "दे गं तिला. मागतेय ना ती."

नानांना बाळाचे ओठ दिसत नव्हते. ते कोणाच्या ओठांबद्दल बोलत होते, ते मला समजलं. अकोल्याला ऑपरेशननंतर आईला तोंडानं पाणी द्यायची मनाई होती. ती घोटभर मागायची. नाना ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायचे आणि म्हणायचे, डॉक्टर हो म्हणाले की देतो. डॉक्टर हो म्हणालेच नाहीत.

बाळ किंचाळत होतं. वाटी आणखी आत आली, टोपीभोवतीचं पाणी फरशीवर सांडलं.

"नाना, ही आई नाही."

आत्याचे हात सुपात थांबले. मला ते बोलायचं नव्हतं. एकटी असताना मीही त्या कपाळाकडे आईचं म्हणून बघत होते.

"आईला मनाई होती," मी म्हटलं. "हिला कुणी मनाई केलेली नाही. दूध इथंच आहे. तिला ते सापडायला वेळ लागेल, एवढंच. तेवढा वेळ मला द्या."

हात तसाच राहिला. मग मागं गेला. वाटी कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला.

रडत्या बाळाला लावण्यात अर्थ नव्हता. मी तिला उभी धरली, उघड्या छातीशी, तिचं डोकं माझ्या गळ्याखाली. तिचं अंग तापलं होतं. मागं रेलून बसले. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची कुरकुर. मग तिनं आपणच डोकं उचलायला सुरुवात केली, टेकवायचं, उचलायचं, गाल घासत खाली सरकायचं. मी दुधाचे दोन थेंब बोटांनी काढून स्तनाग्रावर ठेवले. हात तिच्या पाठीला होता, डोक्याला लावला नाही. तिनं हनुवटी टेकवली, तोंड मोठं उघडलं आणि धरलं. दुखलं. सोडलं. पुन्हा धरलं. या वेळी खोलवर.

गिळण्याचा आवाज यायला लागला. टोपीतून इतका स्पष्ट कधी आला नव्हता.

"काय झालं?" बाहेरून घाबरा आवाज. "आवाज का नाही तिचा?"

"पितेय, नाना."

"टोपी?"

"नाही."

आत्यानं डाळीतला खडा बाहेर भिरकावला. "निळ्या, बस बे आता खाली. फरशी झिजवली तुह्या येरझाऱ्यांनी."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नंतर नाक शिंकरल्याचा.

डोळे मिटून ती पीत राहिली. आईचे कान मोठे होते, हिचे चपटे, माझ्या सासरचे. हे मी आजवर बघितलंच नव्हतं. रडू आलं तेव्हा मी चेहरा बाजूला फिरवला, थेंब तिच्यावर पडू नयेत म्हणून.

थोड्या वेळानं तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथं तिला जमेना. तोंड सटकलं, डोकं हललं, पुन्हा तेच रडणं, तितकंच मोठं. माझे खांदे आपोआप ताठ झाले. पडद्याकडे बघितलं. पडदा हलला नाही.

मी तिला परत उभी धरली.