झाडांत लाल कौलं

आमच्या जेवणाच्या टेबलावर तीस वर्षांत आम्ही कधी धड जेवलो नाही. त्यावर कायम कुठली ना कुठली सुट्टी पसरलेली असायची. समुद्रकिनारा, बर्फातलं लाकडी घर, तंबू, तळ्यातली होडी. जिगसॉच्या, म्हणजे तुकडे जोडून चित्र करायच्या कोड्यांच्या, खोक्यांवर सगळे सुट्टीवरच का गेलेले असतात कोण जाणे. टेबलाशी बसून फायली उपसणाऱ्या माणसाचं चित्र मी अजून जोडलेलं नाही. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, आणि समोर हजार तुकड्यांचा समुद्र.

वाचनालयाला लोक वापरलेले जिगसॉ देतात. ते तपासायला आमच्याकडे यायचे. आम्ही जोडायचो, तुकडे पुरे आहेत का बघायचो आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायचो. चित्राला दहापैकी इतके, तुकड्यांच्या कापणीला इतके, तुकडे पूर्ण किंवा अपूर्ण. चित्राचे गुण माझे, कापणीचे ह्यांचे. रंगांबद्दल विचारलं की हे म्हणायचे, "तू म्हणशील ते."

ह्यांची जोडायची तऱ्हाच न्यारी. तुकडा उलटा करायचे, अंगठ्याने त्याचं नाक आणि खाच चाचपायचे, मग सुलटा करून गपकन बसवायचे. आकार अचूक, पण हिरव्यागार झाडीत लाल कौल! माझा राग तर नाकावरच असतो. "अहो, झाडाला कौलं लागतात का?" चार माणसांत म्हणायचे मी. सगळे हसायचे, हेही हसायचे. मी तो तुकडा उपटून काढायचे, आणि तो काढतानाही सगळ्यांना कळेल अशा बेताने काढायचे.

शेवटचा जिगसॉ होता तळ्याकाठच्या घराचा. लाल कौलं, मागे जंगल. कापणी अगदीच भिकार, एक तुकडा चार ठिकाणी सुखाने नांदेल अशी. एका दुपारी मुलगी आलेली असताना मला झाडांत तीन कौलं सापडली. मी म्हटलं, "आता ह्याला हात लावू नका. तुमच्या मागे निस्तरत बसायला मी रिकामी नाही." ह्यांच्या हातात एक तुकडा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरं."

त्यानंतर नऊ दिवस हे खिडकीशी पेपर घेऊन बसले. टेबलाकडे फिरकले नाहीत. उद्या म्हणू, 'या आता, पुरे झाला रुसवा,' असं मी रोज ठरवत होते. पण माझाही ताठा काही कमी नाही. दहाव्या दिवशी बसथांब्यावर ह्यांच्या छातीत कळ आली आणि तिथेच सगळं संपलं.

पंधरा दिवसांनी कागद आवरताना कपाटात एक जुनी फाईल निघाली. बाविसाव्या वर्षी ह्यांनी रेल्वेत ड्रायव्हरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर खाली लिहिलं होतं: अर्जदारास लाल व हिरवा यांतील फरक कळत नाही, अपात्र. मला सांगितलं होतं की गाडी चालवायचा कंटाळा म्हणून गोदामात लागलो. चाळीस वर्षांच्या संसारात चकार शब्द नाही. मी तो कागद घेऊन फरशीवरच बसले. मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

जिगसॉ तसाच होता. तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा जोडायला घेतला. एके सकाळी दूध घेऊन आले आणि दारातच थबकले. काल संध्याकाळी रिकाम्या असलेल्या झाडाच्या शेंड्यात एक लाल कौल बसलेलं होतं. नाक खाचेत अगदी घट्ट. पिशवी हातातून सुटली आणि दूध फरशीभर झालं.

दोन दिवसांनी दुसरं. मग तिसरं. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात पाठ भिंतीला लावून उभी राहायचे. बाहेरच्या खोलीत जायची छाती होत नव्हती. पण भीतीलाही सवय होते. पुढे पुढे मी मुद्दाम बाहेर जायला लागले. मी समोर असताना तो तुकडा कधीच बसायचा नाही, आणि ते बरोबरच होतं. माझ्यासमोर कोणाची हिंमत होणार? मग मी उगाच लांबच्या दुकानातून काडेपेटी आणायचे, येताना दोन गल्ल्या जास्त फिरायचे. ह्यांना सावकाश करू दे म्हणून.

मुलीला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "आई, तूच लावतेस आणि विसरतेस," ती म्हणाली. "माझ्याकडे राहायला चल. आपण डॉक्टरांना दाखवू."

"तुझ्या बापाला एकटं टाकून?"

"आई!"

मुलगी माझ्याच वळणावर गेलेली आहे, ऐकणार थोडीच. पुढच्या रविवारी आली आणि उरलेली सगळी लाल कौलं तिने एका वाडग्यात मोजून ठेवली. एकोणीस. वर ताटली झाकली. खिडक्या लावल्या, कुलूप स्वतः घातलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. आम्ही दोघी तासभर बाहेर फिरलो. ती सारखी हवापाण्याच्या गप्पा मारत होती, आणि मी मनात म्हणत होते, आज नका करू हो, पोर घाबरेल.

घरी आलो. ताटली जशीच्या तशी होती. तिने मोजली, अठरा. पुन्हा मोजली, अठरा. एकोणिसावं जंगलात होतं, तळ्याच्या अगदी वर. तिने खुर्ची ओढली आणि त्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे असं बाबाच लावायचे," ती हळूच म्हणाली.

मी फाईल काढून तिच्या हातात दिली. तिने कागद वाचला. वाटलं, घाबरून रडेल. ती रडली नाही. तिने मान वर करून विचारलं, "मग तू त्यांना इतकं का बोलायचीस?"

"मला माहीत नव्हतं गं."

"विचारलंस कधी?"

मी फाईल परत कपाटात ठेवली. ती गेली. माझ्याकडे राहायला चल, हे मात्र जाताना म्हणाली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात जिगसॉ पुरा झाला. झाडांत सात कौलं होती, म्हणून छपरावर सात जागी मी झाडाचे हिरवे तुकडे बसवले. त्या वाईट कापणीचे उपकारच म्हणायचे, बसले मुकाट्याने. छपरावर पालवी, झाडांवर कौलं. मी ऊन उतरेपर्यंत ते बघत बसले. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे तोंड करून बोलले. एकटीने बोलताना जीभ अडखळते, पण बोलले.

"अहो, चुकलं माझं. मी सगळ्यांसमोर तुमचं हसं केलं. तुम्ही लावलंत ते असंच राहणार आहे. ह्यातला एकही तुकडा मी काढणार नाही. माझ्यावरचा राग सोडा."

खुर्ची खुर्चीसारखीच होती.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आले तर टेबलावर सगळं नीट झालं होतं. सातही कौलं छपरावर, सातही पानं झाडांत. एक तुकडा इकडचा तिकडे नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मुलीला फोन केला. ती कामावर होती, तीन बस बदलाव्या लागतात इतकी दूर. "मी हात नाही लावला, आई," ती म्हणाली.

आधी मला आनंदच झाला. ह्यांना रंग दिसायला लागले! जिथे आहेत तिथे लाल लाल दिसतं, हिरवं हिरवं. माफ केलं म्हणूनच तर सुधारून दिलं, असं म्हणत मी चहा टाकला. चहा पिता पिता वाटलं, माफ केलं की भ्यायले? मी 'राहू द्या' म्हटलं तेव्हा ऐकलं नाही, आणि मी पूर्वी रागावले होते तेवढं अजून लक्षात ठेवून आहेत? मेल्यावरही हा माणूस माझी बोलणी खाऊन चुका निस्तरत बसला असेल, तर मी कुठे तोंड लपवू?

ते विचारायचं कोणाला, आणि कसं?

वाचनालयाचं खोकं मी परत केलं नाही. चिठ्ठी कोरीच ठेवली. दुसऱ्या दिवशी एक कौल छपरावरून काढलं, उलटं केलं, अंगठ्याने चाचपलं आणि झाडाच्या शेंड्यात माझ्या हाताने बसवलं. निघालेला हिरवा तुकडा बाजूला ठेवला. हेच माझं विचारणं: आता निस्तरता, की राहू देता? मग बाहेर पडले. लांबच्या दुकानाच्याही पुढे गेले, बाकावर बसले, उन्हं डोक्यावर येईतो परतले नाही.

आले तेव्हा कौल झाडातच होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. आता चार महिने झाले. मी रोज दार हळू उघडते, आणि रोज ते तिथेच असतं.