हीरोचा कोट

मित्रांनो, या काचेच्या कपाटातला जुना करडा ओव्हरकोट म्हणजे मी. माझ्या डाव्या खांद्याला मोठी फाट आहे. लोकांची नजर आधी तिच्याकडेच जाते. मी मात्र अजून तिच्याकडे धड पाहू शकत नाही.

मला मावशींनी शिवलं. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण सिनेमाच्या कपडेपटात त्यांना दुसरं नाव नव्हतं. सिनेमा हेरगिरीचा होता. एक साधा घड्याळजी चुकून परक्याचा कोट घालून निघतो आणि मारेकरी त्यालाच हेर समजून त्याचा पाठलाग करतात.

माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. मी हीरोसाठी होतो आणि तो डुप्लिकेटसाठी, म्हणजे हीरोच्या जागी पडणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसासाठी. भावाच्या अस्तराखाली गाद्या शिवल्या होत्या. डाव्या खांद्यातली गादी सर्वांत जाड होती. त्या माणसाचा डावा खांदा पूर्वी एकदा मोडून जोडलेला होता. त्याची बायको मुद्दाम येऊन मावशींना सांगून गेली होती, "हा खांदा पुन्हा गेला तर यांना कुणी कामाला बोलावणार नाही. आमचं घर त्याच्यावरच चाललंय."

गाद्यांमुळे भाऊ जड झाला. वजनात फरक असता तर पळताना आमचे घेर वेगवेगळे डोलले असते. म्हणून मावशींनी माझ्या खालच्या दुमडीत शिशाच्या चपट्या चकत्या शिवल्या. माझ्यावर चिखलाचा डाग पडला की त्या भावावरही त्याच जागी तसाच डाग पाडत. एकदा दिग्दर्शकाने आम्हाला दोन हातांत धरून पाहिलं.

"मावशी, मला काही ओळखू येत नाहीत."

"मग जमलं म्हणायचं," मावशी म्हणाल्या.

तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

पुलाच्या दगडी पायऱ्यांवर शेवटचं दृश्य घ्यायचं होतं. बोचरी थंडी होती. आम्ही एकाच स्टँडवर टांगलेलो होतो, मी उजवीकडे आणि भाऊ डावीकडे. तेवढी एकच खूण होती. मावशी बटण शोधायला गाडीत गेल्या. हीरो आला, त्याने आम्हा दोघांना चाचपलं आणि जो ऊबदार वाटला तो चढवला. तो माझा भाऊ होता.

मी पार हादरलो. पण कोटाला तोंड कुठे असतं?

डुप्लिकेट आला. स्टँडवर मी एकटाच उरलो होतो. त्याने आत जाड स्वेटर घातला होता, त्यामुळे खांद्याला गादी लागत नाही हे त्याला कळलं नाही. त्याने मला हातात तोलून पाहिलं. वजन बरोबर होतं.

"चला, चला, उजेड चाललाय," दिग्दर्शक म्हणाला.

"आलो. अहो, पडायची एवढी घाई कुणाला असते का?" डुप्लिकेट हसत म्हणाला आणि पायऱ्या चढला.

मावशी गाडीतून उतरल्या तेव्हा हीरो पाठमोरा चहा पीत होता. त्याची पाठ त्यांना गाद्या भरल्यासारखी रुंद दिसली. त्यांच्या हातातलं बटण पडलं. "थांबवा त्याला," म्हणत त्या धावल्या, पण तोवर आम्ही पायऱ्यांवरून कोसळलो होतो.

माझ्या डाव्या खांद्याची शिवण उसवून फाटली. त्याच्या हाडाचा आवाज माझ्या अस्तराला ऐकू आला. तो खाली पडून राहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो अभिनय वाटला. मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत गादी नव्हती.

"हा तो कोट नाही," एवढंच त्या बोलल्या.

हीरोने अंगावरचा कोट पाहिला. त्याने स्वतःचा डावा खांदा चाचपला. आत जाड गादी होती.

ते पडणं सिनेमात तसंच ठेवलं गेलं. मला या संग्रहालयात आणलं आणि खाली पाटी लावली, 'हीरोचा कोट'. भाऊ कसर लागून संपला. मला अजून लोक पाहतात. "बघ, हीरो खरंच पडला होता," असं म्हणून फाट दाखवतात. दर वेळी मी नव्याने हबकतो.

परवा एक आजोबा नातीला घेऊन आले. मी त्यांना चालीवरूनच ओळखलं.

"आजोबा, हीरोला लागलं असेल ना?"

"लागलं असणार."

"मग तो रडला?"

"छे. शॉट ओके झाला का, तेच विचारत बसला. येडाच होता."

"मला वरून बघायचंय. उचला ना."

त्यांनी तिला उजव्या हाताने उचललं. डावा हात नुसता लोंबत होता.

मित्रांनो, पाटी कुणाच्याही नावाची असू दे. फक्त कुणाला तुमच्या जागी पडायला पाठवाल, तेव्हा आधी त्याच्या खांद्यावरून एकदा हात फिरवून बघा.